एकोणचाळीस

दुसरीच्या वर्गात सकाळी सरावाच्या कागदाशिवाय पान हलायचं नाही. पाच गणितं, पाच शब्द, एक वाक्य. सर कागद वाटत भिंगरीपाशी आले आणि तिला नेहमीसारखे दोन दिले. एका जागी टिकेल तर ती भिंगरी कसली! टुणकन उठून म्हणाली, "सर, बाबा आलेत!"

दारात तिचे वडील उभे होते, गळ्यात टेप. हातात जादू असलेला शिंपी. सहा महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी झाली. हात शाबूत राहिले, पण शब्द आणि आकडे पार पुसले गेले. तेव्हापासून दुकानाला कुलूप होतं. दुसरा कागद त्यांचाच असायचा. संध्याकाळी बापलेक शेजारी बसून सोडवायचे आणि सर दोन्ही तपासायचे. लाल शाई दोघांनाही सारखीच.

"या, या. बसा ना," सर म्हणाले.

शिंपी बसले नाहीत. सरांच्या विरलेल्या कॉलरकडे बोट दाखवत म्हणाले, "शर्ट." मग दम घेऊन, "माझ्या... कडून."

"अहो, कशाला उगाच?"

"सर, नाही म्हणू नका ना," भिंगरी वही उघडत म्हणाली. "आठवडाभर घोकतायत. आज मापं नीट सांगता आली तर उद्या दुकान उघडणार. पण बाबा म्हणतात, पहिलं माप सरांचं. सर नसते तर मी मुकाच राहिलो असतो."

मग काय, सर हात पसरून उभे राहिले.

"खांदा... अठरा." भिंगरीनं लिहून घेतलं. "बाही... तेवीस." तेही लिहिलं.

छातीला टेप लावून शिंपी म्हणाले, "एकोण..." आणि अडले. "एकोण..." कपाळावर घाम फुटला. वर्गानं माना पुढे काढल्या. या एकोणतीस-एकोणचाळिसात भल्याभल्यांचं घोडं अडतं, हे त्या पोरांइतकं कोणाला ठाऊक! पहिल्या बाकावरच्या गोलूचे ओठ हलू लागले.

"कोणी सांगायचं नाही," सर म्हणाले. हा सरावाचा पहिला नियम. "वेळ द्यायचा."

शिंप्यांनी आकड्यावर बोट घट्ट धरलं, डोळे मिटले.

"एकोण... चाळीस."

भिंगरीनं टेपवर वाकून पाहिलं आणि सगळ्या वर्गासकट सरांकडे वळली. उत्तर आलं की सर खणखणीत आवाजात "बरोबर!" म्हणायचे, मग टाळ्या. सरांनी तोंड उघडलं. शब्द फुटेना. चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. तरी फुटेना.

गोलूला काही राहवेना. "ब..."

"शू!" शिंप्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "कोणी... सांगायचं नाही. वेळ... द्यायचा."