आतल्या अंगानं

त्र्याहत्तर साली लग्न ठरल्यावर कोरेगावच्या शालननं क्रोशाच्या सुईनं गुलाबी दोऱ्याची अक्षरं विणून रुखवतातल्या उशीच्या अभ्र्यावर आपलं नाव हौसेनं टाचलं. पण इस्लामपूरला सासरी पाऊल पडताच नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, जयश्री. दुसऱ्या दिवशी ती अक्षरांचे टाके उसवायला बसली. तेवढ्यात सासू आली. “आगं, चांगलं इणलेलं का उसवतीस?” “आत्याबाई, त्या नावाची हितं आता कुणीच न्हाई.” सासूनं उसवलेलं ‘शा’ तळहातावर घेतलं आणि त्याच्यावरून कितीतरी वेळ अंगठा फिरवला. मग दाराकडं बघत हळूच म्हणाली, “माहेरात मला गजरा म्हणायची. हाक मारणारी समदी गेली. मलाबी तेवढी अक्षरं इणून देतीस?” शालननं विचारलं, “कुठं लावू?” “माज्या अभ्र्याला, आतल्या अंगानं. कुणाला दिसायचं न्हाई, पर निजल्यावर कानाशी ऱ्हाईल.”