न दिसलेले घोडे

कॉम्प्युटरने पुन्हा तोच आकडा काढला आणि डेलविनने कपाळावर हात मारला.

"काय झालं रे?" लोरिंडाने चुलीपासून विचारलं. ती दुपारसाठी रोट्या तळत होती.

"घोडे झाले! आम्हाला दिसले त्याच्या दुप्पट. पठारावर एवढे घोडे आहेत म्हणे. चरतात कुठे, ढगात?"

खोलीच्या मधोमध कांबळं टांगलेलं होतं. त्याच्या पलीकडे यानाबा, लोरिंडाची आई, लोकर पिंजत बसली होती. सासू-जावयाने एकमेकांचं तोंड बघायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही. बघितलं तर डोळे जातात, हे अमेरिकेतल्या या नावाहो आदिवासींच्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण डेलविनने सासूच्या घागऱ्याचा काठसुद्धा पाहिला नव्हता.

या मोकाट घोड्यांनी त्याला लहानपणापासून वेड लावलं होतं. पहाटे धुकं पठारावर टेकलेलं असायचं. त्यातून आधी नुसते कान यायचे, मग आयाळी, आणि मग एखादी भुरी घोडी शिंगरासकट अलगद बाहेर यायची, जमिनीला पाय न लावता आल्यासारखी. बघता बघता धुकं त्यांना परत पोटात घ्यायचं. खरे होते की नुसता भास, असं वाटत राहायचं. गावात मात्र ओरड होती की घोडे बेसुमार झालेत, गवत खातात, पाणी गढूळ करतात. धरा आणि विका. खरा आकडा समोर आला तर ही ओरड थांबेल, म्हणून डेलविनने विद्यापीठात खेटे घालून मोजणीचं अनुदान मिळवलं होतं. आणि आता त्याचाच आकडा घोड्यांना ट्रकात घालायला निघाला होता.

अनुदानाची अट अशी की दोघांनी एकाच वेळी, पण एकमेकांना न विचारता मोजायचं; म्हणून दोघं दोन टेकड्यांवर बसत. दोघांनाही जे दिसले ते पक्के. पण एकाला दिसलेले दुसऱ्याच्या नजरेतून जितके जास्त सुटतील, तितके दोघांच्याही नजरेतून सुटलेले जास्त, असा हिशेब. दुसरा मोजणारा थंडीला कंटाळून पळाला, तेव्हा लोरिंडाच हसत म्हणाली होती, "तुम्हाला काय हवंय? एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांचं बघायचं नाही. अरे, मग आईपेक्षा लायक माणूस तुला मिळणार कुठे?"

यानाबाने हो म्हटलं, याचंच सगळ्यांना नवल वाटलं होतं. तिची मेंढरं ज्या झऱ्यावर जगत, तो झरा घोडे तुडवून चिखल करत. "एकूण एक ट्रकात घाला," असं ती चारचौघांत म्हणायची.

"माझ्या टेकडीच्या पायथ्याचा एकही घोडा तुझ्या आईने मोजलेला नाही," डेलविन आवाज खाली आणून म्हणाला. "आंधळ्यालाही दिसले असते."

"म्हणजे? आईने मुद्दाम केलं म्हणतोस?"

"मी कुठे म्हणालो?"

"तोंडाने नाही म्हणालास. शोभतं का तुला!" रागाने तिने रोटी ताटात आपटली.

पलीकडचं लोकर पिंजणं थांबलं.

"लोरिंडा," यानाबा म्हणाली, "जावयांना विचार, माझ्या टेकडीखाली, ओढ्याच्या काठाला तो मोठा कळप रोज उभा असायचा. तो त्यांनी का नाही मोजला?"

खरंच का नाही मोजला? डेलविन रोज सकाळी आपल्या टेकडीवर बसायचा, दुर्बीण डावीकडून फिरवत आणायचा आणि सासूच्या टेकडीपाशी आली की आपोआप खाली करायचा. ती खोड इतकी जुनी होती की आपण काही टाळतोय हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आणि त्यांच्या टेकडीकडे मी कशी बघू, बाई? लाजलज्जा सोडू का म्हातारपणी?"

लोरिंडाला हसू फुटलं. डेलविनला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. चकवून गेलेले घोडे कुठेच नव्हते. ते नुसते सासू-जावयाच्या आडपडद्यात जन्माला आले होते.

"उद्या दोघं एकाच टेकडीवर बसू," यानाबा म्हणाली. "मधे हे कांबळं बांध. दोघांच्या समोर एकच पठार राहील."

"पण आई," लोरिंडाचं हसू ओसरलं, "मग आकडा खाली येईल. घोडे इथेच राहतील. तू नुसती गप्प बसली असतीस तरी झरा तुझ्या मेंढरांचा झाला असता!"

पलीकडे लोकर पुन्हा पिंजली जाऊ लागली. डेलविन कांबळ्याकडे पाठ करून उभा होता.

"खोटा आकडा कधीतरी उघडा पडतो, पोरी," म्हातारी म्हणाली. "यांचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. पण यांची मान खाली गेलेली मला बघवणार नाही."