चिखलातला श्वास

“मशीनची घरघर येतेय मध्ये,” मुलगा कानावरचा हेडफोन सरकवत म्हणाला. “श्वास मस्त आला होता, बाबा. पण मागे मशीन ऐकू येतंय.”

बाबा खिडकीजवळच्या कॉटवर उशांना टेकून बसले होते. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक कॉटखालच्या ऑक्सिजनच्या मशीनला. ते दिवसरात्र घुमत असायचं. घरातल्यांना त्याची इतकी सवय झाली होती, की पाहुण्यांनी विचारलं तरच ते ऐकू यायचं.

मुलाचं काम आवाजाचं. टीव्हीवर डायनासोरांची मालिका येणार होती आणि पडद्यावरच्या त्या धुडांना आवाज द्यायचं काम त्याच्याकडे होतं. चालणं, चावणं, मारामाऱ्या सगळं जमलं. अंडी फुटायला टोस्ट चुरडून भागलं. गाडी अडली ती शेवटच्या भागात. एक म्हातारा डायनासोर चिखलात रुततो, कळप पुढे निघून जातो आणि तो तिथेच मरतो. त्याचे ते शेवटचे श्वास काही केल्या मिळेनात. बैल झाला, उंट झाला, बाथरूमच्या जाळीत गुरगुरणारं पाणीही रेकॉर्ड करून झालं. दिग्दर्शिकाबाईंचं प्रत्येक वेळी एकच, “हा झोपलाय. मरत नाहीये.” उद्यापर्यंत नाही जमलं तर पुढच्या मालिकेला दुसरा माणूस बघू, हेही त्यांनी गोड आवाजात सांगून टाकलं होतं.

फोनवरचं हे बोलणं बाबांनी ऐकलं आणि ते हटूनच बसले. “माझा घे की. आयुष्यभर खोकलो, घरात कुणी लक्ष दिलं नाही. आता निदान टीव्हीवर तरी ऐकाल.”

मुलाने गंमत म्हणून त्यांचा श्वास रेकॉर्ड केला, त्याचा वेग खूप कमी केला आणि स्पीकरवर लावला. खोलीत काहीतरी अगडबंब श्वास घेऊ लागलं. खिडकीची काच थरथरली. बाबा आ वासून ऐकत राहिले. “हा मी?” त्यांनी विचारलं. आजारी पडल्यापासून इतके खूश ते पहिल्यांदाच झाले होते.

आता आड येत होतं ते फक्त मशीन.

“मग बंद कर ना,” बाबा म्हणाले. “आंघोळीला जातो तेव्हा बंदच असतं. काय होतंय एवढ्याने?”

मुलगा घुटमळला. बायको गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली होती. “दोनच मिनिटं हं,” तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

घर एकदम गप्प झालं. पहिले काही श्वास साधेच आले, कुठल्याही म्हाताऱ्या माणसाचे असतात तसे. मग छातीत शिट्टीसारखं काही वाजायला लागलं. मग शिट्टीही थांबली आणि एकेक श्वास खोल कुठून तरी ओढून काढल्यासारखा वर येऊ लागला. जितका वेळ जात होता, तितका आवाज चांगला येत होता. मुलाला ते कळत होतं. पण रेकॉर्डरच्या मीटरवरची नजर काही हटेना.

सून कपडे घेऊन दारात आली आणि थबकली. काय चुकतंय ते तिला आधी कळेना. मग कळलं. मशीन ऐकू येत नव्हतं. हातातले कपडे तिथेच टाकून ती आत धावली.

नवरा तिच्याकडे पाठ करून बसला होता. बाबांचे ओठ जांभळे पडले होते. तिला बघताच त्यांनी एक बोट उचललं आणि ओठांवर ठेवलं.

तिने खाली वाकून बटण दाबलं.

“अगं, काय केलंस!” नवरा ओरडला. “आत्ताच तर कुठे...” पुढचं त्याने गिळलं.

“वेड लागलंय का दोघांना?” ती कडाडली. “बाप आहे तो तुझा! आणि बाबा, तो लहान आहे का, तुम्ही त्याचे असले हट्ट पुरवताय?”

बाबांच्या नखांवर रंग परत येईपर्यंत ती त्यांचे हात चोळत बसली. नवरा मान खाली घालून वायरी गुंडाळत होता. “मी डॉक्टरांना फोन करते, पाणी गरम करून आणते,” ती उठत म्हणाली. “मशीनला हात लावलात तर याद राखा.”

ती गेली.

“ऐकव,” बाबा म्हणाले.

“राहू दे, बाबा. आहे त्यात भागवतो मी.”

“ऐकव म्हणतो ना!”

मुलाने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. बाबांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग मान हलवली.

“नाही रे. हा अजून उठून चालायला लागेल.”

आणि त्यांनी स्वतःच कॉटखाली हात घातला.

मुलगा त्यांचा हात धरायला उठला. तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं वाजलं. तो दाराशी गेला. आवाज न होऊ देता त्याने दार लावून घेतलं.