लिहिल्याप्रमाणे

"एकशे तीन," सासरे फोनवर म्हणाले. "वहीत लिहून ठेवलाय."

ती खुर्चीवरून उठलीच. "कधी मोजला?"

"तीन वाजता. एक वाजता एकशे दोन होता. तोही लिहिलाय."

एक वाजता तिने मेसेज केला होता, ताप मोजला का म्हणून. 'हो, लिहिला,' असं उत्तर आलं, आणि तिचा जीव भांड्यात पडला होता. "अहो बाबा, मग मला फोन नाही का करायचा?"

सासऱ्यांनी तीस वर्षं एका गोदामाची चावी सांभाळली होती. कागदावर नसलेली वस्तू त्यांनी कधी आत घेतली नाही की बाहेर सोडली नाही. "सूनबाई, तूच लिहून गेलीस ना? दर दोन तासांनी मोजा, वहीत लिहा. फोन करा असं कुठं लिहिलंस?"

मागच्या महिन्यात त्यांनी आठ महिन्यांच्या नातीला, चिमणीला, बशीतला चहा चाटवला होता. तेव्हापासून सूचनांच्या कागदावर सगळ्यात वर, लाल शाईत, सुनेनेच लिहिलेली ओळ होती : स्वतःच्या मनाने काही करू नये.

"तिला उचला आणि तसेच खाली डॉक्टरांकडे जा. आत्ता. चपला शोधत बसू नका."

"थांब, हे लिहून घेतो..."

"बाबा!"

"निघालो, निघालो."

पाचला वीस मिनिटं कमी होती. तिने पर्स खांद्याला लावली. समोरच्या स्क्रीनवर तिने लिहिलेली पुस्तिका उघडीच होती. इमारती बांधणाऱ्या ठेकेदारांची बिलं आता माणसं तपासत नव्हती, कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक एजंट तपासत होता. ऑफिसात त्याला सगळे कारकून म्हणत. प्रत्येक बिल पडताळणीत कसं घालायचं, काय पाहायचं, कशाची नोंद करायची, हे त्याने तिच्या पुस्तिकेत वाचायचं आणि तसं करायचं. आज पहिला दिवस. सकाळपासून एकशे चाळीस बिलं, आणि एकही अडलं नव्हतं.

"तुमचा कारकून झकास आहे," साहेब जेवताना म्हणाले होते. "ना चहा मागतो, ना शंका काढतो."

लिफ्टचं दार उघडलं. तिचा पाय उंबऱ्यातच अडला.

ना शंका काढतो.

पुस्तिकेचं चौथं पान तिला पाठ होतं. 'स्लॅबच्या बिलाला काँक्रीटच्या चाचणीचा अहवाल जोडलेला आहे का, ते पाहावे. असल्यास नोंद करून बिल मंजूर करावे. पैसे सुटेपर्यंत दर तासाला पुन्हा पाहावे, नोंद करावी.' जोडलेला आहे का, एवढंच. आत आकडा वाईट असला तर काय करायचं, ते नव्हतं. ते कोण लिहीत बसतं? कुणालाही कळेल की! आणि पहिल्या पानावर, सगळ्यात वर : स्वतःच्या मनाने काही गृहीत धरू नये.

लिफ्ट तिला न घेताच खाली गेली.

स्लॅबची सात बिलं होती. ती एकेक अहवाल उघडत गेली. सहा चोख होते. सातव्यात काँक्रीटची ताकद पंचवीस हवी होती, भरली होती सोळा. समोर शिक्का : अहवाल जोडलेला आहे. मंजूर.

पैसे पाचला सुटणार होते. आणि या धंद्यातला प्रत्येक जण जाणून होता, की ठेकेदार पत्राबित्राची वाट पाहत नाही. फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज वाजला, की त्याच्या लेखी स्लॅब पास. मग माणसं खाली शिरतात आणि स्लॅबला आधार दिलेले टेकू काढायला लागतात.

ती साहेबांच्या केबिनमध्ये न विचारता घुसली. "हे बिल थांबवा."

"अहो, दहा मिनिटं उरलीत. मुलगी आजारी आहे ना तुमची? जा घरी. सोमवारी बघू."

"सोमवारपर्यंत टेकू निघालेले असतील, साहेब. आणि खाली माणसं असतील."

साहेबांनी सोळाचा आकडा पाहिला. मग चष्मा लावून पुन्हा पाहिला. त्यांनी बिल रोखलं.

तिने साइटवरच्या इंजिनीअरला फोन लावला. मागून हातोड्यांचे आवाज येत होते.

"टेकूला हात लावू नका."

"अहो मॅडम, माणसं केव्हाची खाली उतरलीत. दोन-चार टेकू सैल करून बसलीत, नुसत्या मेसेजची वाट आहे."

"आधी त्यांना बाहेर काढा. मी फोन धरून आहे."

त्याचं ओरडणं तिला ऐकू आलं. एक हातोडा थांबला. मग दुसरा. तिसरा थांबायला फार वेळ लागला.

फोन ठेवते तोच सासऱ्यांचा आला. डॉक्टरांनी औषध पाजलं होतं, ताप एकशे एकवर आला होता, चिमणी झोपली होती. "सूनबाई, आता काय लिहू?"

"काही लिहू नका, बाबा. नुसतं तिला मांडीवर घेऊन बसा."

साहेब दारात आले, तेव्हा तिने त्यांना सासऱ्यांच्या वहीची गोष्ट सांगितली. "एवढा आकडा डोळ्यांसमोर, आणि दिवसभर गप्प! शेवटी मशीनच ते. तुमच्या सासऱ्यांचं निदान वय तरी झालंय."

कारकुनाच्या नोंदींच्या तक्त्यात अगदी शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. 'ऐच्छिक, वाचण्याची गरज नाही,' असं तिनेच त्याच्यापुढे लिहिलं होतं. तिने तो आज पहिल्यांदा उघडला.

सकाळी दहा वीस : 'ताकद कमी आहे. कोणाला सांगावे, ते पुस्तिकेत सापडले नाही.'

अकरा वीसला तेच. बारा वीसला तेच. आणि सगळ्यात खाली, चार वीसला : 'सातव्यांदा विचारत आहे. कोणाला सांगावे?'