धाकटीचा मोजा

बाबांचे मोजे दर थंडीत दोघी बहिणी विणायच्या, एकेक वाटून घेऊन. थोरलीचा हात घट्ट, धाकटीचा सैल. एक मोजा पाय आवळायचा आणि दुसरा घोट्यावर लोळायचा. “एकदा धुतले की होतील सारखे,” धाकटी खुशाल म्हणायची. कधीच झाले नाहीत. गेल्या थंडीत थोरली फाडकन बोलली, “तुझ्या हाताला मापच नाही,” आणि धाकटीनं येणंच सोडलं. यंदा थोरलीनं नमुन्याचा तुकडा विणला, कोमट पाण्यात धुतला, पट्टीनं मोजला. आटला नव्हता. मग दोन्ही मोजे एकटीनंच विणले, अगदी जुळे. बाबांनी मांडीवर ठेवून निरखले. “झकास झालेत. पण यातला धाकटीचा कुठला?” थोरलीनं एक मोजा उसवला आणि लोकरीचा गुंडा धाकटीला पाठवला. सोबत चिठ्ठी: “लोकर धुऊन पाहिली आहे, आटत नाही. तरी तू सैलच विण.”