हिरवळीचा कचरा

पोळ्याच्या सकाळी समुद्रकाठच्या शिल्पबागेत मनकर्णानं हिरवळीचं कापलेलं गवत कचऱ्याच्या खड्ड्यात टाकलं नाही. दगडी बैलजोडीच्या तोंडापुढे ओतलं. बैलावर बसून फोटो काढणारे पर्यटक हसले. मॅनेजर धावत आला. "मावशी, हा कचरा उचला!" "कचरा नाही साहेब, चारा हाये." "दगड चारा खातात का?" "नाही ना खात? मंग ह्यायच्या पायाखाली उन्हाळाभर पानी मारून गवत काहून वाढवता? तिकडं चांदूर बाजारले आमच्या जोडीले दुष्काळात मूठभर भेटलं नाही. हाडं दिसाले लागली, तवा इकली अन् तुमचा खराटा धरला." शेजारी झाडणारा नवरा कुजबुजला, "गप राह्य ना वं, काम जाईन." "जाऊ द्या!" ती त्याला म्हणाली. मॅनेजर ओरडला, "उचला!" तिनं रिकामी टोपली त्याच्या पायाशी आदळली. "पोळ्याच्या दिवशी बैलापुढचा चारा मी नाही उचलत. तुमाले कचरा दिसते, तुमी उचला."