जन्मजात

डिलॉसच्या गुलामबाजारात चौथऱ्यावर चढवलेल्या म्हाताऱ्याकडे मानीसनं आधी नीट पाहिलंच नाही. तो आला होता कातडी कमावायच्या कामाला दोन धट्टेकट्टे गडी घ्यायला. पण म्हाताऱ्यानं तोंड उघडलं आणि मानीस जागीच थबकला. या आवाजाचे हुकूम त्यानं वीस वर्षं झेलले होते.

"तुला येतं काय, आजोबा?" लिलाव करणाऱ्यानं विचारलं.

"मी ड्रॉमोक्लीस. करिंथचा तत्त्वज्ञ. सद्गुण शिकवतो."

"अरे वा! मग तुला धरून आणलं त्या चाच्यांना नाही शिकवलेस?"

लोक खो खो हसले. लॉरियनच्या चांदीच्या खाणीतल्या मुकादमानं म्हाताऱ्याचा दंड चाचपला. "नुसती हाडं आहेत. तरी एखादा हिवाळा टोपल्या ओढेल."

तेवढ्यात ड्रॉमोक्लीसला गर्दीत मानीस दिसला. "मानीस! अरे, सांग यांना! काही माणसं जन्मानंच गुलाम असतात. मी त्यांतला नाही. तुला तर माहीत आहे!"

माहीत होतं. अंगणात शिष्यांना हे शिकवताना ड्रॉमोक्लीस बोट दाखवायचा ते मानीसकडेच. "याच्यात राबायचं बळ आहे, विचार नाही." शिष्य माना वळवून बघायचे, विकायला आणलेला बैल बघावा तसे. मानीस स्वतःची किंमत भरून सुटला, त्याला सहा वर्षं झाली होती.

मुकादमानं बोली लावली. मानीसनं ती चढवली. पुन्हा लावली, पुन्हा चढवली. शेवटी मुकादम थुंकला आणि निघून गेला. गडी घ्यायला मानीसकडे आता काही उरलं नव्हतं.

चौथऱ्यामागे नेऊन त्यानं म्हाताऱ्याच्या हातांचा दोर कापला. ड्रॉमोक्लीसनं मनगटं चोळली, अंगावरची फाटकी चादर खांद्यावर नीट घेतली. मान ताठ झाली.

"पाहिलंस?" तो म्हणाला. "मी काय सांगत होतो? सुटलास, तरी आहेस तोच. मालक संकटात दिसला आणि धावलास."

मानीसनं सुरा कमरेला खोचला. "बंदरात करिंथचं गलबत लागलंय. नीघ."

"म्हणजे कबूल आहे तुला!"

"खाणीत एका साखळीला सात माणसं बांधतात," मानीस म्हणाला. "तू मला विकत घेतलंस त्याआधी मी तिथंच होतो. त्यांचे हाल आहेत तेवढे पुरेत. वर तुझी बडबड त्यांनी का ऐकावी?"